दोनदा पाहिले

यमुताईंनी ओलं फडकं पाटीवरून फिरवलं आणि पाटी तिसऱ्यांदा प्रयागबाईंच्या मांडीवर ठेवली.

"डोके," त्या म्हणाल्या. "सावकाश लिहा. घाई नाही."

प्रयागबाईंनी पेन्सिल मुठीत आवळून लिहिलं. पहिल्या खेपेला 'केडो' झालं होतं. दुसऱ्या खेपेला मात्रा भलत्याच अक्षरावर जाऊन बसली होती. या खेपेला ड भिंतीकडे तोंड करून रुसल्यासारखा उलटा उभा होता. मागच्या दोघी पदरात तोंड खुपसून हसल्या. यमुताईंनी नुसती मान वळवली, तशा गप्प झाल्या. त्या नजरेचा धाक नागपूरच्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेत बावीस वर्षं चालत आला होता.

इथं मात्र शाळा नव्हती. बायकांच्या दवाखान्याचा मागचा व्हरांडा होता, वाळ्याच्या ताट्या लावून थोडा गार केलेला, आणि समोर सतरंजीवर खेड्यापाड्यांतून आलेल्या सात सुईणी होत्या. १९३३ चा उन्हाळा. सकाळी डॉक्टर चारुशीलाबाई त्यांना हात कसे धुवायचे, कात्री किती वेळ उकळायची, नाळ कुठं बांधायची ते शिकवत. दुपारी एक ते तीन यमुताई लिहायला शिकवत. शाळेला सुट्टी होती, आणि चारुशीलाबाईंना नाही म्हणणं नागपुरात अजून कुणाला जमलेलं नव्हतं.

"नाही जमत, बाई," प्रयागबाई म्हणाल्या. "मले अक्षरं एका जागी उभेच नाही राहत. एकाले पाहा तं दुसरं सरकून जाते."

"रोज दहा वेळा लिहायला सांगितलं होतं."

"लिहिलं नं. दहा वेळा, दहा तऱ्हेचं."

या वेळी सगळाच वर्ग हसला, आणि प्रयागबाईही हसल्या. पण पाटी त्यांनी घाईनं पालथी केली, ते यमुताईंनी पाहिलं.

न येणाऱ्या मुली यमुताईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांनी मनाशी दोन कप्पे करून ठेवले होते, एक आळशांचा आणि एक मठ्ठांचा, आणि प्रत्येक मुलगी आजवर यांतल्या एकात बिनतक्रार मावली होती. प्रयागबाई कुठल्याच कप्प्यात मावेनात. हिंगण्याच्या अलीकडल्या खेड्यातली ही चाळिशीची बाई, घरची शेती सांभाळून सोळा वर्षं सुईणपण करत होती. चारुशीलाबाईंनी एकदा तोंडी सांगितलेलं ती आठ दिवसांनी जसंच्या तसं सांगे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पाटीवर गिरवत बसे. मग हे असं का?

वर्ग सुटल्यावर प्रयागबाई मागे रेंगाळल्या.

"बाई, एक विचारू? लिहिनं नाहीच आलं, तं परीक्षेचा कागद नाही भेटनार?"

"नाही," यमुताईंनी खरं ते सांगितलं. यंदापासून नियमच तसा झाला होता. अडलेल्या बाईची खबर दवाखान्याला चिठ्ठीनं कळवायची, आणि ती चिठ्ठी सुईणीनं स्वतःच्या हातानं लिहायची. मागच्या साली एका गावाहून पाटलाच्या कारकुनानं ऐकीव मजकूर लिहून पाठवला होता, तो धड नव्हता, आणि बाई दगावली होती. ज्या सुईणीकडं परीक्षेचा कागद नाही, तिनं यापुढं बाळंतपणाला हात लावायचा नाही.

"तं मंग मी काय करू?" प्रयागबाईंनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. "माह्या सासूनं मरताना ह्या हातांत हेच देल्लं. दुसरं काही येतच नाही यायले."

यमुताई उगाच रागावल्यासारखं करून छत्री शोधू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जरा लवकर आल्या, तर व्हरांड्यात वेगळंच चाललं होतं. दवाखान्यात पाणी भरणारी बाई, आठव्या महिन्यातली, सतरंजीवर उताणी झोपली होती. तिच्या पोटावर दोन्ही तळहात ठेवून प्रयागबाई बसल्या होत्या. डोळे मिटलेले. चेहऱ्यावरची एकही रेघ हलत नव्हती, फक्त हात सरकत होते, थांबत होते, परत सरकत होते.

"पाठ इकडं हाये," त्या पुटपुटल्या. "हा खांदा. एक हात गालापाशी घेऊन बसलं हाये लबाड. म्हनून तुले इथं दुखून राहिलं वं. डाव्या कुशीवर निजत जाय."

यमुताई दारातच थांबल्या. ती बाई उठून गेल्यावर त्यांनी विचारलं, "डोळे कशाला मिटता?"

प्रयागबाईंना प्रश्नच चमत्कारिक वाटला. "उघड्या डोळ्यानं लुगडं दिसते, बाई. मिटले का बाळ दिसते."

"दिसतं म्हणजे? अंदाज येतो?"

"अंदाज काहून? दिसते. तुम्ही जशा मले दिसून राहिल्या, तसं. सरकलं तं सरकलेलं दिसते. अक्षरासारखं पळून नाही जात."

यमुताई खुर्चीवर बसल्या. त्यांना काहीतरी सुचत होतं, आणि ते इतकं वेडगळ होतं की बोलायची लाज वाटत होती. बावीस वर्षं त्यांनी मुलींना शब्द म्हणवून घेऊन, घोकवून घेऊन, प्रसंगी छडी मारून शिकवला होता. शब्द बघ, असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. शब्द डोळ्यांसमोर तर असतोच, त्यात बघायचं काय?

त्यांनी फळा पुसला आणि वीतभर उंचीच्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: पाय.

"प्रयागबाई, इकडं या. हे अक्षर आहे हे विसरा. हे पोट समजा. हात ठेवा. आणि डोळे मिटून मला सांगा, आत काय आहे."

तीन दिवस काहीही झालं नाही. प्रयागबाईंचे तळहात खडूनं पांढरे होत आणि फळा पुसला जाई, एवढंच. मागच्या दोघी आता उघड हसत. घरी धंतोलीत यमुताईंनी ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांचे यजमान गणपतराव वर्तमानपत्राआडून म्हणाले, "आता डोळे मिटून शाळा चालवणार वाटतं. बरंय, इन्स्पेक्टर आला तरी दिसायचा नाही." यमुताईंनी त्यांच्या पानात भाजी जरा जोरातच वाढली.

चौथ्या दिवशी प्रयागबाईंनीच अडलेलं सोडवलं.

"बाई, याचं डोकं कुठं हाये, थे तुम्ही सांगतलंच नाही. डोकं सापडल्याबिगर बाळ कसं दिसन?"

यमुताईंनी क्षणभर विचार केला. मग प्रयागबाईंचा हात धरून फळ्याच्या डाव्या कडेला नेला. "इथं. प्रत्येक शब्दाचं डोकं इथंच असतं. आणि ही वरची रेघ, ही पाठ."

"आस्सं," प्रयागबाई म्हणाल्या. "पाठ वर हाये. मंग हातपाय खाली लोंबतीन."

त्यांनी डोळे मिटले. हात पाठीवरून सरकला, खाली उतरला, थांबला, पुढं गेला. मग तो फळ्यावरून सुटला आणि हवेतच फिरू लागला. यमुताईंनी आवाज न करता फळा पुसून टाकला. प्रयागबाईंनी डोळे उघडले, खडू घेतला आणि काळ्या फळ्यावर लिहिलं: पाय. सरळ, ठसठशीत, कुठंही न अडखळता.

मागच्या दोघी हसल्या नाहीत.

"आता," यमुताई म्हणाल्या, आणि त्यांनी नवा खडू घेतला, "आता मोठा शब्द." त्यांनी 'वेदना' लिहिला, हात फिरवू दिला, पुसला. प्रयागबाईंनी तोही लिहिला. मग यमुताईंना काय वाटलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "डोळे मिटलेलेच ठेवा. पायाकडून डोक्याकडं या. कोणकोण भेटतं?"

"ना," प्रयागबाई म्हणाल्या, जणू अंगणातली माणसं मोजत होत्या. "मंग द. मंग वे, त्याच्या डोक्यावर मात्रा हाये."

यमुताईंच्या शाळेतली पहिल्या नंबरची मुलगीसुद्धा शब्द असा उलटा म्हणताना बोटं मोजत अडखळली असती. ही बाई तर म्हणतच नव्हती. ती तिथं होती, त्या शब्दापाशी, आणि हवं त्या बाजूनं त्याच्याभोवती फिरत होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर यमुताईंनी स्वतः डोळे मिटून 'वेदना' पाहायचा प्रयत्न केला. काही दिसलं नाही. दिवसभराच्या उन्हाचा तांबूस अंधार तेवढा दिसला. शब्द त्यांच्या जिभेवर होता, कानात होता, बोटांत होता. डोळ्यांत नव्हता, आणि कधीच नव्हता. ज्या खोलीचं दार त्यांनी उघडून दिलं होतं, त्या खोलीत त्या स्वतः कधी गेल्याच नव्हत्या. त्यांना हेवा वाटला नाही. देवळात उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं, आणि बराच वेळ वाटत राहिलं.

पुढचं सगळं सोपं गेलं असं नाही. नवा शब्द प्रत्येक वेळी हातानं पाहावा लागे. न पाहिलेला शब्द प्रयागबाईंना लिहिता येत नसे. 'आणि', 'तर', 'पण' या शब्दांनी तर छळ मांडला. "याले हाडच नाही," त्या वैतागून म्हणत, "धरू कुठून?" कधीकधी दोन शब्दांची चित्रं एकमेकांत मिसळत, आणि 'डावा' लिहायच्या जागी 'उजवा' असा देखणा, बिनचूक शब्द उमटे. हे यमुताईंना सगळ्यांत भीतीचं वाटे. चुकीचं अक्षर चूक म्हणून दिसतं तरी. बरोबर लिहिलेला चुकीचा शब्द कोण पकडणार?

परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरली. तोवर प्रयागबाईंकडं सव्वाशे शब्द झाले होते.

परीक्षा साधी होती. वॉर्डात एक पोटुशी बाई; सुईणीनं तिला तपासायचं आणि बाळ कसं आहे ते कागदावर लिहायचं. आदल्या दिवशी सहाजणींची झाली होती आणि सहाही उत्तीर्ण झाल्या होत्या. प्रयागबाई शेवटच्या. चारुशीलाबाईंनी सुरुवातीलाच बजावलं, "मधे कुणी बोललं, कुणी खूण केली, तर त्या बाईची परीक्षा रद्द." यमुताईंना कोपऱ्यात खुर्ची मिळाली होती.

खाटेवर गोपिका होती, कामठीच्या एका विणकराची बायको. चौथं बाळंतपण, दिवस भरलेले, पहाटेपासून बारीक कळा. तिची नोंद यमुताईंना ठाऊक होती, कारण नोंदवहीत रेघा आखायचं काम त्यांच्याकडंच असे. सकाळी सात वाजता चारुशीलाबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: डोके खाली.

'डोके' हा प्रयागबाईंचा चांगला शब्द होता. 'खाली'ही होता. यमुताईंनी सुस्कारा सोडला.

प्रयागबाईंनी हात धुतले, पुसले, एकमेकांवर घासून गरम केले. "हात लावते वं पोरी," त्या गोपिकेला म्हणाल्या आणि डोळे मिटले. वेळ गेला. मग त्या जमिनीवर बसल्या, फळीवर कागद घेतला, पुन्हा डोळे मिटले, आणि लिहू लागल्या. यमुताईंना खुर्चीवरून ती मोठी अक्षरं वाचता येत होती.

बाळ आडवे. डोके डावीकडे.

एकही चूक नव्हती. यमुताईंनी ते पुन्हा वाचलं. मिसळली, चित्रं मिसळली. ऐन वेळी भलतंच चित्र पुढं आलं, आणि आता ही बाई दोन महिन्यांची मेहनत आणि सासूनं दिलेलं सगळं एका सुंदर लिहिलेल्या चुकीच्या शब्दापायी घालवून बसणार.

चारुशीलाबाई खिडकीपाशी औषधाच्या बाटल्या लावत होत्या. पाठ इकडं होती. यमुताई खाकरल्या. प्रयागबाईंनी वर पाहिलं. बावीस वर्षांत ज्या बाईनं परीक्षेत कुणाला मान वळवू दिली नव्हती, तिनं तळहात पालथा केला आणि खाली दाबल्यासारखा केला. खाली. खाली.

प्रयागबाई त्या हाताकडं पाहत राहिल्या. त्यांना कळलं होतं, ते चेहऱ्यावर दिसलं. कागद तसाच ठेवून त्या उठल्या, पुन्हा खाटेपाशी गेल्या.

"अजून एक डाव पाह्यते वं."

या वेळी हात आणखी हळू फिरले. एक कळ आली, ती ओसरेपर्यंत थांबले, मग पुन्हा फिरले. यमुताईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. प्रयागबाई खाली बसल्या, पेन्सिल उचलली. खोडतील, यमुताईंना वाटलं, आता खोडतील. प्रयागबाईंनी काहीही खोडलं नाही. लिहिलेल्याच्या खाली त्यांनी आणखी दोन शब्द लिहिले, आणि कागद चारुशीलाबाईंच्या हाती दिला.

दोनदा पाहिले.

चारुशीलाबाईंनी कागद वाचला. नोंदवही उघडून सकाळची ओळ वाचली. पुन्हा कागद वाचला. "सकाळी मी स्वतः तपासलंय," त्या म्हणाल्या, पण ते कुणाला उद्देशून नव्हतं. त्यांनी बाह्या वर केल्या आणि गोपिकेच्या पोटावर हात ठेवले. खोलीत पंख्याची दोरी ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. हात डावीकडं गेले आणि तिथंच थांबले.

"फिरलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "सकाळनंतर फिरलंय. प्रयागबाई, पुन्हा हात धुवा आणि या बाजूला उभ्या राहा. पाणमोट फुटायच्या आधी वळवू."

पुढचा पाऊण तास यमुताई खुर्चीवरून हलल्या नाहीत. चार हात एका पोटावर होते. कळ आली की थांबत, गेली की सरकत. "डोकं माह्या हातात हाये," प्रयागबाई मिटल्या डोळ्यांनी सांगत, "येऊ द्या, येऊ द्या, पाय वर जाऊन राहिले." एकदा बाळ निम्म्यात आलं आणि परत गेलं. चारुशीलाबाईंच्या कपाळावरून घामाचे थेंब पडत होते. मग गोपिकेच्या पोटाचा आकार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदलला, आडवा होता तो उभा झाला. चारुशीलाबाईंनी लाकडी नळी पोटाला लावून कान टेकवला आणि मान हलवली. ठोके चांगले होते.

यमुताई उभ्या राहिल्या.

"डॉक्टरीणबाई, मला सांगायचंय. मघाशी मी खूण केली होती."

"पाहिली मी. खिडकीच्या काचेत दिसते सगळी खोली." चारुशीलाबाई हात पुसत होत्या. "खूण चुकीची होती, आणि ती यांनी मानली नाही. आता यांची परीक्षा रद्द करायची, की तुमची?"

यमुताईंना शरमेनं वर पाहवेना. आपण शब्द पाहत बसलो होतो, आणि ती बाळ पाहत होती.

"बाईले बोलू नका," प्रयागबाई म्हणाल्या. "थ्यायनं हात दाखवला म्हनून तं म्या दुसऱ्यांदा पाह्यलं. एकदाच पाहून लिहिलं असतं, तं मनात राह्यलं असतं."

चारुशीलाबाईंनी नोंदवही खाटेजवळच्या टेबलावर उघडी ठेवली. सकाळच्या ओळीखाली त्यांनी 'दहा वाजता आडवे' असं लिहिलं, दौतीत टाक बुडवला आणि तो प्रयागबाईंपुढं धरला. "आता कसं आहे, ते तुम्ही लिहा. परीक्षेचा कागद संध्याकाळी न्या."

दवाखान्याच्या वहीत आजवर कुणा सुईणीचं अक्षर पडलेलं नव्हतं. प्रयागबाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि लिहिलं: डोके खाली. अक्षरं इतकी मोठी होती की दोन ओळींची जागा गेली.

"काय लिहिलं, मावशी?" खाटेवरून गोपिकेनं विचारलं. "माह्या बाळाचं काय लिहिलं?"

प्रयागबाईंनी वही उचलून तिच्या कुशीपाशी नेली. तिचा उजवा हात धरला, त्याचं एक बोट सरळ केलं आणि पहिल्या अक्षरावर टेकवलं.

"हे डोकं. इथून सुरू होते. आता डोळे मीट."

शाई अजून ओली होती. ती गोपिकेच्या बोटाला लागली आणि बोट सरकलं तशी कागदावर फरफटत गेली. यमुताईंनी टिपकागद उचलला होता. गोपिकेचे डोळे मिटलेले होते, आणि दुसरा हात आपोआप पोटावर गेला होता. यमुताईंनी टिपकागद होता तिथं परत ठेवला.